हौदापासून अकरा पावलं

सरूमायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका अडलेल्या बाईच्या थोबाडीत मारत होती.

माझ्या नोकरीची ती पहिली सकाळ. औषधं वाटायच्या जागेवर हजर व्हायला आलो होतो, हातात हुकूम, खांद्याला पिशवी. डॉक्टर कुठे बसतात ते विचारावं म्हणून समोरचं दार ढकललं, तर हा प्रकार. खाटेवरची बाई घामाने निथळत होती आणि तिच्या उशाशी एक उंच, हाडापेराने दणकट, कासोटा खोचलेली बाई उभी होती. "तवा हासू येत व्हतं ना? मंग आता रडू काहून येतंय? लाव जोर!" असं म्हणून तिने दुसरी लगावली. खाटेवरच्या बाईने संतापून असा काही जोर लावला की लेकरू बाहेरच आलं. माझ्याकडे न बघता सरूमाय म्हणाली, "दार लाव. तमाशा न्हाई हा." मी दार लावलं. पुढची सव्वीस वर्षं ती सांगेल ती दारं लावत राहिलो.

केदारखेडा सोडून भोकरदनच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून आहेत आणि हॉटेलही जोरात चालू आहे. त्या दवाखान्याचं आता हॉटेल झालंय. निजामाच्या काळातली दगडी इमारत. चार मोठ्या खोल्या, पुढे कमानींचा ओटा, मागे विहीर, विहिरीला लागून जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद आणि हौदापासून पार लिंबापर्यंत मोकळं अंगण. आज तिथे 'शिकारखाना फॅमिली रेस्टॉरंट' असा रात्रंदिवस लुकलुकणारा बोर्ड आहे. जेवणाच्या कार्डावर छापलंय की निजाम इथे वाघाच्या शिकारीला यायचे. वाघ सोडा, आमच्या शिवारात कोल्हासुद्धा उपाशी मरतो.

सरूमायच्या जागेचं सरकारी नाव होतं 'अर्धवेळ स्त्री परिचर'. अर्धवेळ म्हणजे दिवसाचे चोवीस तास. ती मागच्या खोलीतच राहायची. सिस्टर बदलून जायच्या, डॉक्टर तर बदलीचा अर्ज खिशात घेऊनच यायचे, सरूमाय तिथेच. कागदावर ती अर्धवेळ असल्याने तिला निवृत्तीवेतन नव्हतं, रजा नव्हती, काही नव्हतं. नवऱ्याचं विचारलं की म्हणायची, "मेला." तो धावड्याला दुसरी बायको करून चांगला धडधाकट होता. एकदा खोकल्याचं औषध न्यायला आला, तर त्याच्यासमोरच मला म्हणाली, "कंपोंडर, ह्याला काय बी दे. मेलेल्या माणसाला सगळं चालतं." डॉक्टरांना ती 'तुमी' म्हणायची, बाकी सगळ्यांना, मला धरून, 'तू'.

आणि डॉक्टरांना 'तुमी' म्हणायची म्हणजे मान द्यायची असं नाही. पुण्याकडचा एक कोवळा डॉक्टर आला होता. पहिल्याच आडव्या बाळंतपणाला तो पुस्तकाची पानं चाळायला लागला. सरूमायने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं, ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, "साहेब, तुमी सहीचं बघा. लेकरू मी काढते." त्याने खरोखर सही केली. महिन्याभरात बदली करून घेतली.

तिचं चालणं मला विशेष आठवतं. लांब ढांगा टाकत, मान सरळ ठेवून, उसाच्या फडाकडे निघालेल्या गड्यासारखी चालायची. तिच्याबरोबर चालायचं तर मला पळावं लागे. गावातल्या बायका नाक मुरडायच्या, "ही काय चाल हाय का बाईमाणसाची?" त्यांना काय माहीत, की त्या ढांगांवर केवढं काय काय मोजून ठेवलं होतं.

कारण दवाखान्यात जन्मायची तशी मरायचीही. कुणी मेलेलंच यायचं, कुणी दोन तास श्वास घेऊन थांबायचं. आमच्याकडे एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आईला ते दाखवत नाहीत आणि जागाही सांगत नाहीत. रीतीप्रमाणे हे काम घरच्या गड्यांचं. पण गडी ओट्यावर बिड्या फुंकत बसायचे आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "सरूमाय, तूच बघ ना." मग ती पहार आणि टोपलं घेऊन मागे जायची. कंबरभर खड्डा, खाली मीठ, वर माती, मातीवर बाभळीचे काटे आणि काट्यांवर दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. एक पावसाळा गेला की दगड काढून टाकायची. अंगण पुन्हा सपाट. परक्याने पाहिलं तर नुसतं अंगण.

पण तिला प्रत्येक जागा माहीत होती. हौदाचा विहिरीकडचा कोपरा पाठीशी धरायचा, लिंबाकडे तोंड करायचं आणि पावलं मोजायची. इतकी सरळ, मग इतकी उजवीकडे किंवा डावीकडे. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पायाने लिहून ठेवलं होतं. हे तिने मला एकदा भर दुपारी, मागच्या दारात मिसरी लावत बसली असताना सांगितलं. पाढे म्हणावेत तसं तिने म्हणून दाखवलं, कुणाचं किती सरळ आणि कुणाचं किती बाजूला. मग थुंकून म्हणाली, "तुझी पन हाय त्याच्यात. सांगू?"

माझी म्हणजे आमची पहिली मुलगी. माझी बायको त्याच खोलीत, त्याच खाटेवर होती. मी औषधांच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या बघत होतो, कारण रांग थांबत नाही. सरूमाय खिडकीसमोरून गेली तेव्हा तिच्या हातात पांढरं फडकं होतं. थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "पोरगी व्हती. घरी जाऊन पानी तापव, बायकू येईल." एवढंच. त्या दिवशी मला ती माणूस वाटली नाही.

"सांगू?" म्हणाली तेव्हा मी "नको" म्हणालो. "शहाना हायेस," ती म्हणाली आणि पुन्हा मिसरी लावायला लागली. माझ्या बायकोला मी यातलं काही बोललो नाही. तीही गेली, न विचारता.

आता कौसाबाईंचं सांगतो, कारण सगळं शेवटी त्यांच्यापाशी येतं. ज्या घराने निजामाच्या काळात दवाखान्याला जागा दिली त्या घरच्या त्या सून. पहिलटकरीण. तीन दिवस अडल्या आणि मुलगा झाला तो मेलेलाच. त्यांच्या आईने जालन्याच्या सराफ्यातून चांदीच्या वाळ्यांचा जोड आधीच आणून ठेवला होता, प्रत्येक वाळ्याला तीन घुंगरू. कौसाबाईंनी त्यातला एक सरूमायच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्यो त्याच्या पायात घाल. एक माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." सरूमाय वाळा घेऊन मागे गेली.

दोन-तीन महिन्यांनी कौसाबाई माहेराहून परतल्या आणि सरळ दवाखान्यात आल्या. कुठे पुरलंय आणि वाळा घातला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माझ्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

"कुठं ते सांगत नसत्यात," सरूमाय म्हणाली.

"मंग वाळा तरी? घातला का वाळा?"

"वाळा व्हय? विकला. मटन खाल्लं."

कौसाबाईंनी जे रान उठवलं ते सगळ्या बाजाराने ऐकलं. सरूमाय झाडू मारत राहिली. त्या दिवसापासून गावाच्या तोंडी ती चोरटी. कुणाच्या घरचं काही हरवलं की आधी तिचं नाव. पुढे बाळूच्या वेळी कौसाबाईंना पुन्हा तिच्याच हाताखाली यावं लागलं, दुसरं होतं कोण? बाळू ठणठणीत जन्मला. त्याला आईच्या कुशीत देताना सरूमाय म्हणाली, "ह्याच्या पायात काय घालू नको. मला लई भूक लागली हाय." खोलीतली सिस्टर हसली आणि कौसाबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मी तिला एकदा विचारलं होतं, असं का बोलतेस म्हणून. ती म्हणाली, "माझ्यावर चिडली तर घरी जाऊन मला शिव्या देत देत भाकरी थापील. लेकराला रडत बसली तर चुलीपुढंच बसून ऱ्हाईल. चिडू दे." मग मी विचारलं, वाळ्याचं खरं काय ते. "तुला काय करायचंय?" म्हणाली. खरं सांगतो, मलाही वाटायचं की तिने तो विकलाच असावा. सणासुदीलाही तिच्या ताटात मटण मी कधी पाहिलं नव्हतं, तरी वाटायचं.

मग रस्त्यावर नवा दवाखाना झाला. मी तिकडे गेलो आणि तिकडूनच निवृत्त झालो. सरूमाय कुठे जाणार? ती त्या रिकाम्या इमारतीतच राहिली. एका सकाळी हौदापाशी शेवाळावर पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला नेऊन ऑपरेशन झालं, आत सळई बसली, एक पाय आखूड झाला. काठी आली. तिच्या गोळ्या मीच आणून द्यायचो. ती ढांगा टाकणारी बाई आता वीतवीत सरकायची. हे मी रोज पाहत होतो, आणि पाहून काही सुचायला हवं होतं ते मला सुचलं नाही.

दवाखाना हलल्यावर जागा पुन्हा कौसाबाईंच्या नावावर आली. बाळूने तोवर जालन्यात दोन धंदे बुडवले होते, तिसरा त्याला इथे सुचला. पांढरा शर्ट, मनगटावर कडं, तोंडात कायम कुणाच्या तरी ओळखीचं नाव. आईने सही दिली, पण एका अटीवर, मागच्या अंगणात कुदळ मारायची नाही. बाळू म्हणाला, "बिलकुल न्हाई आई, नुसतं गवत लावतो." त्याने चुना खरवडला, दगड घासले, भिंतींवर प्लास्टिकची शिंगं लावली, हौदात कमळं आणि सोनेरी मासे सोडले. कमानीच्या माथ्यावर उर्दूत काही कोरलेलं होतं, त्यात सोनेरी रंग भरला. निजामाचं स्वागतवाक्य असणार अशी त्याची खात्री. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमचे रशीद मास्तर चष्मा वर करून बघत म्हणाले, "अरे बाळू, ये तो शिफाखाना लिखेला है. दवाखाना, दवाखाना." बाळूने त्यांना हात जोडले, "मास्तर, किसी को बोलना नक्को." मास्तर तेव्हापासून तिथे चहाचे पैसे देत नाहीत.

सरूमायची खोली पाडून तिथे भटारखाना केला. तिला रस्त्यापलीकडे पत्र्याचं खोपटं बांधून दिलं. उद्घाटनाचं बोलावणं तिला नव्हतं, म्हणून ती आली. एसीच्या खोलीत सरपंच, दोन पुढारी आणि तालुक्याचे एक साहेब मटणाच्या ताटावर बसले होते. ती काठी टेकत दारात उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "बरी दिसती खोली. टेबल बराबर तिथंच टाकलं की. मढी फाडायचं टेबल बी तिथंच व्हतं." मग सरपंचांकडे वळून म्हणाली, "तुझ्या चुलत्याला, त्यो विहिरीतून काढल्ता बघ, त्याला इथंच शिवला आमी. तू बसलास तिकडं डोस्कं व्हतं." सरपंचांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. साहेब हात धुवायला म्हणून गेले ते गाडीतच जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी बाळूने तिच्याशी करार केला. दोन वेळचं ताट मिळेल, पण भटारखान्याच्या मागे बसून खायचं आणि तोंड उघडायचं नाही. तिने मान्य केलं. तिला गोड बोलून कुणी कधी गप्प केलं नव्हतं, भाकरीने केलं. मला म्हणाली, "बाळ्याचा मसाला चांगला हाय. आता मी मुकी." आणि खरंच वर्षभर ती काही बोलली नाही. फक्त एखादं गिऱ्हाईक मागच्या लॉनवर खुर्ची टाकून बसलं की ती ताटावरून मान वर करून तिकडे बघायची, आणि ओठ हलायचे. मला वाटायचं, चावतेय.

धंदा वाढला. लॉनवर वाढदिवस, साखरपुडे व्हायला लागले आणि संडास तुंबायला लागले. मैल्याची टाकी मोठी करायची तर जागा एकच, मागचं अंगण. बाळूने आईला पंधरा दिवस समजावलं, मग रुसून बघितलं, मग ओरडून. शेवटी कौसाबाई म्हणाल्या, "सरूला इचार. ती म्हनंल तिथंच खंद." ज्या बाईला त्यांनी जन्मभर चोर म्हटलं, तिच्या शब्दावर त्यांनी हे टाकलं. माझ्यासमोर म्हणाल्या, "चोर हाय, पन तिला समदं ठावं हाय."

बाळू मला घेऊन सरूमायकडे गेला. ती लगेच उठली. इतकी खूश झालेली तिला मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तिला कुणीतरी विचारत होतं. तिने हौदाचा कोपरा पाठीशी धरला, लिंबाकडे तोंड केलं आणि काठी टेकत, मोठ्याने मोजत निघाली. एक. दोन. तीन. कौसाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होत्या. वीसला ती थांबली आणि काठी जमिनीत रोवली.

"ह्याच्या पलीकडं खंदा. विसाच्या पलीकडं मी एक बी ठिवलेलं न्हाई. उभ्या जल्मात न्हाई."

"बराबर?" बाळूने विचारलं.

"सरूचं मोजमाप हाय ते," ती म्हणाली. "चुकायचं न्हाई."

आम्ही चौघे तिथे उभे होतो. तिच्या गोळ्या आणणारा मी, तिला रोज जेवताना बघणारा बाळू, तिच्या हाताखाली दोनदा बाळंत झालेल्या कौसाबाई आणि ती स्वतः. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ती जुनी वीस पावलं आणि ही आजची वीस पावलं यांत निम्म्याचा फरक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. कौसाबाई अंघोळ करून, नारळ फोडून खुर्चीत बसल्या. सरूमाय काठीवर हनुवटी टेकून खड्ड्याच्या कडेला उभी, मुकादमासारखी. काळी माती बाहेर पडत होती. काळ्या मातीत एवढीशी हाडं राहत नाहीत, आणि राहिली असतील तरी जेसीबीच्या घमेल्यात कोण बघतो? चौथ्या की पाचव्या खेपेला ढिगावर उभ्या असलेल्या एका मजुराने खाली वाकून काहीतरी उचललं, विजारीला घासलं आणि म्हणाला, "मालक, कडं हाय बारकं."

ते काळंठिक्कर पडलेलं होतं. एक घुंगरू शाबूत, दोन तुटलेले.

कौसाबाईंनी ते हातात घेतलं. उठल्या आणि घरी गेल्या. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं, तंबाखू मळली. सरूमाय त्या ढिगाकडे बघत होती. मग तिने मान वळवून हौदाकडे बघितलं. मग परत ढिगाकडे. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो म्हणून मला ते दिसलं. तिने सगळ्यात शेवटी आपल्या पायांकडे बघितलं.

कौसाबाई दुसरा वाळा घेऊन आल्या. रुमालात बांधलेला, पांढराशुभ्र, चाळीसेक वर्षं घासून ठेवलेला. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले. जोड होता, मापाला माप. म्हणजे तिने विकला नव्हता. त्या दिवशी ती परक्या पोराला पायात वाळा घालून, मीठ टाकून, काटे लावून आली होती, आणि मग जन्मभर चोर म्हणवून घेतलं होतं. मला वाटलं, आता कौसाबाई तिच्या पाया पडतील. मला खरंच तसं वाटलं.

कौसाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"तू चोर असतीस तर बरं व्हतं गं, सरू," त्या म्हणाल्या. "लेकरू तरी जागेवर ऱ्हायलं असतं."

बाळू म्हणाला, "आई, आता खड्डा तर झालाच." त्याचंही बरोबर होतं, भाड्याचा जेसीबी होता. कौसाबाई निघून गेल्या. दुपारपर्यंत खड्डा पुरा झाला. माती तीन ट्रॅक्टर भरून गेली, हॉटेलकडे येणाऱ्या रस्त्याच्या खळग्यांत टाकली. तिच्या जुन्या ढांगांनी अकरापासून विसापर्यंतची सगळी लेकरं त्या मातीत होती. रोज त्यावरून गाड्या जेवायला येतात.

सरूमायने ताट बंद केलं. बाळू पाठवायचा, ती परत करायची. तेवढ्यापुरता तो माणुसकीने वागला, नाही म्हणत नाही. मी भाकरी घेऊन गेलो की अर्धी खायची. बोलायची नाही. शिव्यासुद्धा द्यायची नाही, आणि तिच्या तोंडची शिवी ऐकायला मी इतका तरसलो होतो की मुद्दाम चुकीची गोळी पुढे करून बघितली. तिने ती गुमान गिळली.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी दुपारी बाळूचा फोन आला. "काका, जल्दी या. सरूमाय लॉनवर फिरून ऱ्हायली. वाढदिवसाची पार्टी हाय, लोकं घाबरून ऱ्हायलेत. मी काय बोललो तर लोकं व्हिडिओ काढतील."

गेलो. लॉनवर फुगे बांधलेले, टेबलांवर पांढरी कापडं. ती हौदाच्या कोपऱ्याला पाठ लावून उभी होती. निघायची, पाच-सहा पावलं जायची, थांबायची, मान हलवायची, परत हौदापाशी. मासे बघायला जमलेली पोरं बाजूला सरकून तिला बघत होती. मी जवळ गेलो.

"काय करतेस, सरूमाय?"

"जुनं पाऊल हुडकून ऱ्हायले," ती म्हणाली. "किती व्हतं ते घावंना."

टाकीचं झाकण तिथून दिसत होतं. खड्डा किती रुंद गेला, कडा कुठे आली, हे मी मनात कितीदा मोजलं होतं आणि दर वेळी अर्ध्यावर सोडलं होतं. जे मी तरुणपणी नको म्हणालो होतो ते म्हातारपणी माझ्या तोंडून निघालं.

"आमची कुठंय?"

तिने माझ्याकडे बघितलं. पाढा तिला पाठच होता. "नऊ. आन् डावीकडं दोन."

नऊ म्हणजे टाकीच्या कडेला. अलीकडे की पलीकडे, ते पावलावर होतं. आकडा माझ्या हातात आला आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मला तिचा राग आला. एवढा आला की तिला धरून हलवावंसं वाटलं. इतकी वर्षं सगळ्यांना टोचून बोललीस, मग एक दगड तरी का ठेवला नाहीस, असं मी ओरडलो. टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

तिने काठी माझ्या हातात दिली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं. सळईचा पाय उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून, पूर्वीसारखी, लांब ढांग टाकली.

"एक," ती म्हणाली.

चेहरा पांढरा पडला होता. दुसरा पाय उचलला.

"दोन."

तिसरी ढांग टाकली आणि ती आडवी झाली. कुणीतरी हसलं, कुणीतरी मोबाईल वर धरला. मी उचलायला वाकलो तर तिने माझा हात झटकला आणि माझा पाय धरून ओढला, जिथे तिचं पाऊल पडलं होतं तिथे.

"इथं उभा ऱ्हा, कंपोंडर. तिसरं इथं झालं. हलू नको, मी आलेच."

बाळूचे दोन वेटर आले. एकाने काखेत धरलं, एकाने पायांना, आणि फुग्यांच्या मधून तिला फाटकाकडे घेऊन गेले. जाताना तिची मान उलटी लोंबत होती आणि ती माझ्या पायांकडे बघत होती. ते तिचं शेवटचं बघणं. केकचं टेबल जिथे लावायचं होतं तिथेच मी उभा होतो, म्हणून एक जण दोनदा येऊन "काका, जरा बाजूला" म्हणाला. मी हललो नाही. अजून सहा राहिली होती, आणि डावीकडची दोन.